कुणाकडं आणि कोण

भुताला चुकीच्या नावानं हाक मारलेली सहन न होणारा माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आईचा मामा होता. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. भीमेच्या काठाला, रेल्वेपुलावरच्या गाडीचा खडखडाट ऐकू येईल एवढ्या अंतरावर त्यांची वस्ती होती. पंचक्रोशीत ते देवऋषी म्हणून ओळखले जात. कुणाला काही ‘लागलं’ की माणसं आधी त्यांच्याकडं यायची आणि मग, वेळ राहिला तर, दवाखान्यात जायची. पण आबांचा खरा जीव भुतं काढण्यापेक्षा ती नीट ओळखण्यावर. “मुंज्याला खवीस म्हणायचं म्हंजी तलाठ्याला तहसीलदार म्हणायचं,” ते म्हणायचे. “त्यो बी चिडतो आन् ह्यो बी.” एकदा पाटसचा एक माणूस तापानं फणफणत आला आणि ओढ्यात हडळ दिसली म्हणाला. आबांनी विचारलं, “पाण्यात व्हती का काठावर?” तो म्हणाला, “पाण्यात.” “मग हडळ कशी आसंल? पाण्यातली ती आसरा. घरी जा, नीट आठव, मग ये.” तो बिचारा तसाच तापात माघारी गेला, आणि दुसऱ्या दिवशी आठवून परत आला.

त्यांच्याबरोबर भर दुपारी चालणं हा एक अनुभव होता. उसाच्या दोन फडांमधल्या वाटेवर ते मध्येच थांबायचे, अंग चोरून बाजूला व्हायचे, आणि कुणाला तरी वाट द्यावी तेवढा वेळ जाऊ देऊन पुन्हा चालू लागायचे. मी विचारलं तर म्हणायचे, “जुनी वळख हाय.” वस्तीतली कुत्री त्यांना पाहून भुंकायची थांबायची; शेपूट हलवायची नाहीत, नुसती थांबायची. घरात पाऊल टाकताना ते हलक्या आवाजात “सरका जरा” म्हणायचे. आणि चहा नेहमी दोन कपांत मागायचे. एक स्वतःला, एक समोरच्या रिकाम्या बाजेवर. त्यांचं जेवणखाण पुतण्याची बायको बघायची, म्हणजे माझ्या धाकट्या मामी. त्या काही न विचारता दोन कप आणून ठेवायच्या. मी एकदा त्या दुसऱ्या कपाकडं अर्धा तास बघत बसलो होतो. चहा थोडा कमी झाला असं मला वाटलं. उन्हाळ्यात आटतो चहा.

मी सव्वीस वर्षांचा असताना आई मलाच त्यांच्याकडं घेऊन गेली. आमचं घर शिरूरला. मी हायवेवरच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो आणि शिक्रापुरात खोली घेऊन राहत होतो. पाच मुली बघून झाल्या होत्या आणि पाचही वेळा मी नाही म्हणालो होतो. सहाव्या वेळी आईनं काही विचारलं नाही. न्हावरा-चौफुल्यावरनं जाणाऱ्या एसटीत बसवलं आणि चैत्रातल्या उन्हात बारा वाजता आबांच्या दारात उभं केलं. “मामा, ह्याला काय झालंय बघा,” एवढंच म्हणाली आणि बाहेर ओट्यावर तोंडाला पदर लावून बसली.

आबांनी मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीला घोंगडी लावलेली. उदाचा धूर असा दाट की समोरचं लिंबू दिसत होतं आणि ते धरणारा हात दिसत नव्हता. बाहेर पत्रा तापून तडतडत होता, पण त्या खोलीत माझ्या पाठीला गार लागत होतं. आबांची पापणी हलत नव्हती. लहानपणी मी ह्याच खोलीच्या फटीतून पाहिलं होतं, की एका बाईला आबांनी दरडावून नाव विचारलं आणि तिच्या तोंडून भलत्याच जाड आवाजात उत्तर आलं. ती आठवण येऊन मला घाम फुटला. माझ्या आतून आता कोण बोलेल?

“कोण हाईस तू?” आबा ओरडले. “नाव सांग!”

माझाच आवाज आला. थोडा चिरका, पण माझाच. “मी समलिंगी आहे, आबा.”

धुरातून सावध प्रश्न आला, “कुठल्या गावचं?”

“शिरूरचं.”

“मेलं कसं?”

“मेलेलं नाही. मीच आहे तो. मला पुरुषांची ओढ आहे. बायकांची नाही. लहानपणापासून.”

आबांनी लिंबू खाली ठेवलं. उठून घोंगडी बाजूला केली, चष्मा लावला, कोनाड्यातली जाड वही काढली. त्या वहीत सगळी भुतं वर्गवारीनं लिहिलेली होती. “परत सांग. सावकाश.” मी सांगितलं. त्यांनी नवं पान उलटलं, लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. मग ती वही मिटून बाजूला सारली. “ह्या वहीत न्हाई बसायचं. ही मेलेल्यांची. जित्या माणसांना दुसरी वही लागंल.” मामींच्या मुलीची शाळेची कोरी वही आली. “समलिंगी. बाप्याला बाप्याची ओढ. आन् बाईला बाईची आसली तर?”

“तेही समलिंगीच.”

“येगळं नाव न्हाई? आसली आळशी कशी भाषा तुमची!”

“आहे. लेस्बियन म्हणतात.”

“मग आधी का सांगितलं न्हाईस?” असं म्हणून त्यांनी मला पुढचा तासभर तसंच बसवून ठेवलं. आई बाहेर जीव मुठीत धरून बसली होती आणि आत मी उभयलिंगी शब्दाची फोड सांगत होतो.

शेवटी ते बाहेर आले. “तारे, पोराला काय लागलेलं न्हाई. पर ह्याचं लगीन लावशील, तर एका पोरीला मातर जल्माचं लागंल.” आई न्हावऱ्यापर्यंत रडली. पुढचे दोन महिने ती माझ्याशी फक्त जेवणाविषयी बोलली. तिसऱ्या महिन्यात तिनं स्थळांचे फोन उचलणं बंद केलं. आमच्या घरात एवढंही खूप होतं.

आबा मात्र पेटले. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन यायचा. “दोन्हीकडं ओढ आसती ते उभयलिंगी. झालं. कुणाकडंच नसली तर?” मी म्हणालो, “अलैंगिक.” पलीकडनं हळहळ, “आरारा! आमच्या शाळंत एक मास्तर व्हते. आम्ही उगंच ब्रह्मचारी म्हणून शाल-नारळ देऊन सत्कार केला त्यांचा.” लैंगिक कल आणि लिंगभाव ह्या दोन शब्दांपाशी ते आठवडाभर अडकले. मी नाना परीनं सांगितलं आणि शेवटी त्यांनीच तोडगा काढला. “एक ‘कुणाकडं’, आन् एक ‘कोण’. मन कुणाकडं जातं ते कल. आपुन आतनं कोण ते लिंगभाव. बाई आतनं, बाप्या आतनं, न्हाईतर दोन्हीतलं न्हाई. बरूबर?” बरोबर होतं. मी वाचलेल्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा बरोबर होतं.

त्यानंतर दौंडमध्ये कुणाची धडगत राहिली नाही. स्टेशनबाहेरच्या टपरीवर कुणीतरी एका पोराविषयी “ते तसलं हाय” म्हणालं, तर आबांनी कप आपटला. “तसलं म्हंजी कसलं? बोलायचं तर नाव घिऊन बोल. नाव नसलेल्याला मी बी घाबरतो.” एका लग्नात एकानं टिळा लावणाऱ्या तृतीयपंथी बाईला उद्देशून घाणेरडा शब्द वापरला. आबा भर मांडवात त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि पापणी न हलवता बघत राहिले. तो माणूस न जेवता घरी गेला, आणि त्याला दोन दिवस ताप होता असं सांगतात.

पण शिकाऊ माणसाचा उत्साह त्यांना नडला. गुरांच्या डॉक्टरांच्या हाताखालच्या एका तरुणाला त्यांनी चारचौघांत हाक मारून विचारलं, “तुझं काय रं? कुणाकडंचं का कोणचं?” तो पोरगा लालबुंद झाला आणि पुढं वस्तीवर यायचा बंद झाला. मला कळल्यावर मी वस्तीवर जाऊन त्यांना पहिल्यांदाच जोरात बोललो. “आबा, दुसऱ्याला नाव तुम्ही चिकटवायचं नाही. त्याला वाटलं तर तो सांगेल. आणि तो सांगेल तेच खरं.”

“भूत तर आम्हीच वळखून सांगतो.”

“भुताचं मला माहीत नाही. माणसाचं माणसानं सांगायचं.”

“आन् त्यानं सांगितलं तर मानायचं?”

“मानायचं.”

आबा रिकाम्या बाजेकडं बघत बसले. मग त्यांनी मला उठवलं आणि भर उन्हात नदीकडं घेऊन गेले. तिथं एक जुनी बाभळ होती. आबा जे काही माणसातून काढत, ते त्या बाभळीत खिळा मारून बंद करत. बुंधा खिळ्यांनी काळा झाला होता. एका जागी खिळा दिसत नव्हता, नुसतं टेंगूळ होतं; झाडानं तो गिळला होता. त्यावर हात ठेवून आबा बोलू लागले.

पन्नासेक वर्षांपूर्वी भांडगावच्या एका घरानं सतरा वर्षांची पोर आणली होती. घरच्यांनी तिचं ठेवलेलं नाव मी इथं लिहीत नाही. ती म्हणत होती, मी बाप्या आहे. घरचे म्हणत होते, अंगात बाप्या शिरलाय. “मी इचारलं, नाव सांग. म्हणाली, किसन. मी म्हणलं, कुठला किसन? कवा मेला? म्हणाली, मेलो न्हाई, ह्यो काय तुमच्या म्होरं बसलोय.” सात अमावास्या आबांनी किसनला हुसकलं. धूर दिला, उपाशी ठेवलं, फोकानं मारलं. सातव्या खेपेला तो गेला. घरचे पाया पडले, लगेच गावातच लग्न लावून दिलं. “वर्सानं बाजारात दिसली. कडंवर लेकरू. मी हाक मारली तर बघितलं माझ्याकडं. पर बघनारं आत कुणी न्हवतं. मी बाहेरचं काढलंच न्हाई रं. आतलंच काढलं.” त्यांनी टेंगळाला कान लावला. “आजून बोलतंय.”

मीही कान लावला. आत काहीतरी होतं. पुलावरून मालगाडी जात होती, तिचाच तो आवाज असं मी ठरवून टाकलं आहे.

पुढच्या रविवारी आम्ही भांडगावला गेलो. गोठ्यापुढं नऊवारीतलं एक म्हातारं माणूस विळ्यानं वैरण तोडत बसलं होतं. सून म्हणाली, “सासूबाई कामापुरतंच बोलत्यात. तुमचं काम काय?” आबांनी टोपी काढली आणि त्या शेणामातीत समोर बसले. “किसनराव,” ते म्हणाले, “मी आलोय.”

विळा थांबला. इतका वेळ रवंथ करत असलेल्या दोन्ही म्हशी थांबल्या. त्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग फार खालून, सावकाश, कुणीतरी डोळ्यांपर्यंत वर आलं. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही.

“किसनला तुम्हीच घालवला न्हवं?” आवाज जाड होता, गंजलेला.

“व्हय.”

“मग आता कशापायी हाका मारताय?”

“चुकलो म्हणून सांगायला. ती बाधा न्हवती. तुमच्यासारख्यांना शब्द हाय. पारलिंगी. तुम्ही खरं सांगत व्हता आन् मी मानलं न्हाई.”

“शब्द तवा पायजे व्हता, मामा.”

आबांनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलू लागले. मग विळा बाजूला ठेवल्याचा खट्ट आवाज झाला. “परत म्हणा.”

“काय?”

“हाक मारली ती.”

“किसनराव.”

“आजून एकदा.”

आबांनी किती वेळा म्हटलं ते मी मोजलं नाही. सून चहा घेऊन आली आणि दारातच खिळून राहिली, कारण तिची सासू मांडी पसरून, गुडघ्यावर थाप मारून हसत होती. निघताना किसनरावांनी माझ्याकडं बोट करून विचारलं, “ह्यो बी माझ्यावानी?” आबांनी नाक पुसलं, पाठ ताठ केली आणि अभिमानानं म्हणाले, “छ्या! ह्याचं ‘कुणाकडं’. तुमचं ‘कोण’. लोक गल्लत करत्यात.”

त्यानंतर ते दर रविवारी भांडगावला जायचे. दोघं गोठ्यापुढं पान खात बसायचे, फारसं बोलायचे नाहीत. भुतं काढणं आबांनी बंद केलं. पोरांना घेऊन आईबाप आलेच, तर त्यांना ओट्यावर बसवून आधी ती नवी वही वाचून दाखवायचे. काही शिव्या देऊन उठून जायचे. काही शेवटपर्यंत ऐकायचे.

माझ्या खोलीवर सिद्धार्थ राहतो हे मी आबांना सांगितलं ते त्या पहिल्या रविवारी, परतीच्या एसटीत. त्यांनी त्याची जात विचारली नाही, पगार विचारला नाही. “तिखट खातो का?” एवढंच विचारलं, आणि म्हणाले, “घिऊन ये त्याला.” आणतो म्हणालो. मग कंपनीत ऑडिट आलं, मग सिद्धार्थची शिफ्ट बदलली, मग आम्हालाच कुठंतरी धाकधूक वाटत राहिली. श्रावणात आबा दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दहावं-तेरावं झाल्यावर आम्ही दोघं गेलो. मामींनी सिद्धार्थला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत गेल्या. दोन ताटं शेजारी शेजारी मांडली. “आबांनी सांगून ठेवलं होतं,” त्या भाकरी वाढत म्हणाल्या. “दोघं येतील, जेवल्याबिगर सोडू नको. पाहुणा लाजंल, आग्रह कर.” त्यांनी आग्रह केला. सिद्धार्थनं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिखट आमटी ओरपली आणि तीन भाकरी खाल्ल्या. आबांना तो फार आवडला असता.