चतुःसीमेसह परिचय

गेल्या वर्षी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, मी परदेशी विद्यार्थी झालो आणि त्यासाठी भोर सोडावं लागलं नाही. बाहेरच्या एका विद्यापीठाचा कथावाचनाचा आठ आठवड्यांचा वर्ग संगणकावर भरणार होता. अर्ज मुलीनं भरून दिला. प्रवेशाच्या पत्रात माझा उल्लेख ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी’ असा होता. त्या दिवसापासून बायको हाक मारायची, “अहो आंतरराष्ट्रीय, तेवढं गिरणीतून दळण आणा.”

मी भोर आणि वेल्हे तालुक्यांत जमिनी मोजतो. कथा मात्र तीस वर्षं वाचतोय आणि त्यांच्याबद्दल बोलायला आजवर एकही माणूस मिळाला नव्हता. एकदा कचेरीत मी म्हणालो, त्या गोष्टीतल्या बाईनं घर का सोडलं असेल हो? शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, “तुमच्या पाव्हण्यांतली व्हय?” त्यामुळे मला या वर्गाचं प्रमाणपत्र नको होतं. बोलायला माणूस हवा होता.

तशी सोय वर्गात होती. पहिल्या तासाला प्रत्येकानं एक मिनिट स्वतःची ओळख करून द्यायची, आणि ती ऐकून ज्यानं त्यानं वाचनाचा जोडीदार निवडायचा. विद्यार्थी सतरा. म्हणजे आठ जोड्या आणि एक शिल्लक. शिल्लक राहणाऱ्यानं एकट्यानं वाचायचं आणि शिकवणाऱ्या बाईंना लिहून पाठवायचं.

मी ओळख लिहायला बसलो. आमच्याकडे ओळख म्हणजे गाव, आजोळ, सासरवाडी. त्यात समोरच्याचा एखादा पाव्हणा निघाला की काम झालं. या लोकांचा पाव्हणा हिर्डोशीत निघण्याची शक्यता नव्हती. मग हाताला सवय होती तेच लिहिलं. जमिनीच्या कागदात नुसता गट नंबर देऊन भागत नाही, चारी बाजूंना काय आहे ते नोंदवावं लागतं. त्याला चतुःसीमा म्हणतात. जमिनी मोजतो एवढं आधी सांगून मी माझी स्वतःची चतुःसीमा लिहिली. पश्चिमेस हिर्डोशी, माझं गाव, भात आणि नाचणी. पूर्वेस भोंगवली, सासरवाडी. उत्तरेस शिवरे, तिथं थोरल्या भावाचं हमरस्त्याला लागून टायरचं दुकान. दक्षिणेस डोंगर आणि पलीकडे सातारा जिल्हा. मधोमध मी.

स्वयंपाकघरात मी हे इंग्रजीतून म्हणून दाखवलं आणि बायकोनं मोबाईलवर वेळ लावली. चौसष्ट सेकंद.

“गोष्टी का आवडतात ते कुठाय?” तिनं विचारलं.

“शेवटी आहे. सात सेकंद.”

“आणि भोंगवली सरळ पूर्वेला कशी? जरा खाली आहे की.”

तिचं बरोबर होतं. ‘आग्नेयेकडे कलती पूर्व’ अशी दुरुस्ती केली. सदुसष्ट सेकंद.

एवढ्यात लसूण सोलत बसलेली आई म्हणाली, “बायकूचं म्हायेर घातलंस. माझं कुठं हाय?”

आईचं माहेर वेल्ह्याकडचं. मी म्हणालो, “आई, वेल्हं वायव्येला येतं. चार दिशांत बसत नाही.”

“मंग म्या वायव्येला जाऊन बसू व्हय? लई मोजतोस! जलम कुणी दिला तुला, उत्तरेनं?”

बायको हसून हसून ओट्याला टेकली. मी वेल्हे घातलं नाही. वेळच नव्हता. उलट सात सेकंद जास्त होते, म्हणून शिक्षण काढून टाकलं आणि बरोब्बर साठावर आलो.

रविवारी दुपारी चारला वर्ग भरला. माझ्याआधी नऊ जण बोलले. कोणीच कुठं राहतो ते नीट सांगत नव्हतं. एक तरुण म्हणाला, तो शब्दांमध्ये राहतो. मी तसं वहीत टिपलं आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं. एक बाई अजून स्वतःचा शोध घेत होत्या.

माझी पाळी आली. पश्चिम, पूर्व, उत्तर व्यवस्थित पार पडल्या. दक्षिणेच्या डोंगरावर असताना पाठीमागून आवाज आला, “येल्हं सांगितलंस का?”

आवाज सगळीकडे गेला. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, काय म्हणताहेत त्या? मी खरं ते सांगितलं: माझ्या आईची सीमेला हरकत आहे. हरकत आली की ऐकून घ्यावी लागते, म्हणून मी वायव्येचा खुलासा करायला लागलो. तो निम्म्यात असताना मिनिट संपलं. बाई धन्यवाद म्हणाल्या. गोष्टी का आवडतात ते सात सेकंद माझ्याकडेच राहिले.

शिल्लक कोण, हे काढायला आकडेमोड लागत नव्हती. रात्री आईनं न मागता ताटात जास्तीची भाकरी वाढली, म्हणजे तिलाही समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार निरोप आले होते. चौघांनी मला निवडलं होतं. आम्ही तिघंही मोबाईलवर वाकलो. पहिल्याच्या शेजाऱ्यानं भिंत आत घेतली होती. दुसरीच्या भावानं फळबाग वाटून द्यायचं नाकारलं होतं. तिसऱ्याला गाडी लावायच्या जागेचा नकाशा तपासून हवा होता. चौथ्या, एका थंड बेटावर राहणाऱ्या सत्तरीच्या निवृत्त परिचारिका. त्यांच्या शेजाऱ्याचं कुंपण दरवर्षी वीतभर पुढे सरकत होतं.

“म्हंजी तिकडंबी बांध कोरत्यात!” आई खूश झाली.

मी चौघांना सारखंच उत्तर पाठवलं: आपल्या देशाचा जमिनीचा कायदा मला माहीत नाही, सबब सल्ला देता येत नाही. दुपारपर्यंत तिघांनी दुसरे जोडीदार धरले. परिचारिकाबाईंचं उत्तर संध्याकाळी आलं. कुंपणाचं राहू द्या, त्यांनी लिहिलं होतं, पण वर्गात नेमलेल्या पहिल्या कथेतल्या दोन भावांपैकी खोटं कोण बोलतंय असं तुम्हांला वाटतं?

तीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी अडीच पानं लिहिली. खोटं धाकटा बोलतोय. पुरावे पाच, क्रमांक घालून.

मंगळवारी त्यांचा एका ओळीचा निरोप आला. तुमचं साफ चुकलंय, थोरला.

मी तो तीनदा वाचला. बायको म्हणाली, चेहरा बघा कसा फुललाय, चूक काढल्यावर माणूस असा हसतो होय? मी चहा तसाच ठेवला, कथा पुन्हा उघडली आणि परिचारिकाबाईंना लिहिलं: चूक तुमची आहे. पान अकरा, खालून चौथी ओळ पाहावी.