अठराव्या मजल्यावरचा झोपाळा

दुपारची वेळ. करंजाड्याच्या टॉवरमध्ये, अठराव्या मजल्यावर, सखूबाई पाय पसरून सुकट निवडत बसली होती आणि समोरचा रिकामा झोपाळा आपसूक हलायला लागला. वारा म्हणावा तर खिडक्या बंद. जोरात नाही, आपला सावकाश, पुढे-मागे. देवघरातल्या तांब्यातलं पाणी एका बाजूने काठाला चढत होतं. सूप बाजूला सारून बाई उठली तर तिला भोवंडल्यासारखं झालं.

ती लिफ्टने खाली आली. वॉचमनला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं, झाडू मारणारीलाही सांगितलं. "घर हाललं. माज्या डोल्यांनी बगलं." खाली कुणाला काहीच जाणवलं नव्हतं. वॉचमन म्हणाला, "आजी, मी इथेच खुर्चीवर बसलोय की." मग तिने आपल्या अकलेने उपाय केला. गावदेवी कोपली म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टसमोर, चकचकीत फरशीवर, नारळ फोडला. नेमकं तेव्हाच फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आलं होतं.

केतनशेठच्या पायाखालची वाळू सरकली ती तेव्हा. हा केतन तिचा एकुलता एक मुलगा आणि हा टॉवर त्याचा. सखूबाई लग्न करून आली ती मिठागरावर. डोक्यावर मिठाची पाटी, पाय खाऱ्या पाण्यात, तळव्यांच्या चिरा कधी बुजल्याच नाहीत. नवरा कमळाकर गेला, मिठागर सरकारने घेतलं, बदल्यात प्लॉट मिळाला आणि त्यावर पोराने हे बावीस मजले चढवले. आईला अठराव्यावर ठेवलं ते काय मायेने? छे. गिऱ्हाइकाला सांगता यावं म्हणून: "माझी सख्खी आई वर राहते, बघा." बाई म्हणजे चालतीबोलती जाहिरात होती, आणि आता ती जाहिरातच नको ते बोलायला लागली होती.

"म्हातारी येरी झाली," केतन घरात म्हणाला. येरी म्हणजे वेडी. सखूबाईला ते लागलं. आजवर कुणी काहीही म्हणालं होतं, पण तिला वेडं कुणी म्हटलं नव्हतं.

शनिवारी नात आली. प्राची मुंबईला भूशास्त्र शिकते. आजीचं सगळं ऐकून तिने फोनवर तारीख-वेळ ताडून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, आजी बरोबर सांगतेय. त्या दुपारी अफगाणिस्तानच्या डोंगरात, फार खोल, मोठा भूकंप झाला. त्याची लाट इथवर आली होती."

"मग खाली कुणाला कशी कळली नाय?"

"कारण ती प्रावरणातून आली. आपल्या पायाखालच्या कवचाखाली तो जाड थर आहे ना, त्यातून. तो खडक घट्ट असला तरी तापलेला असतो. लाट जाताना दर हेलकाव्याला तिचा थोडा जोर खडकात जिरतो, त्याची उष्णता होते. बारीक, घाईची थरथर तेवढ्याच वाटेत कितीतरी जास्त हेलकावे घेते, म्हणून ती आधी मरते. उरतो तो लांब, संथ झोका. लांब कोन गावात लग्नाची हळद असली की आपल्याला इथे काय ऐकू येतं? गाणं नाही, नुसतं ढम ढम. तसंच. आणि संथ झोका उंच इमारतीलाच लागतो. बैठ्या घराला तो कळतसुद्धा नाही."

सखूबाईचा चेहरा उजळला. "बग रं. मी येरी नाय."

आई वेडी असती तर केतनचं काहीच अडलं नसतं. ती खरं बोलत होती, हीच अडचण होती. प्राची समजावत होती की त्यात भ्यायचं काही नाही, इमारत झुलते म्हणूनच टिकते. केतन म्हणाला, "वरचे मजले रिकामे पडलेत. गिऱ्हाइकाला मी प्रावरण शिकवत बसू?" प्राचीने मान खाली घातली आणि फोन बघत राहिली.

मग तो आईपाशी येऊन बसला, मऊ आवाजात बोलला. "आये, उद्या लोक येतील. विचारलं तर सांग, माजंच डोकं हालतं. तेवढं बोल आणि इथंच ऱ्हा. नायतर आपटा गावात म्हाताऱ्यांचा आश्रम हाय, तिथं जावं लागंल."

तिला जायचं नव्हतं. खिडकीतून खाडी दिसायची, आणि खाली जमीन होती ती तिचीच होती. एवढंच तिला हवं होतं.

रविवारी फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. त्यातल्या बायकोने विचारलंच, "आजी, वॉचमन म्हणत होता, तुम्हाला घर हललेलं जाणवलं?"

सखूबाईने झोपाळ्याकडे बघितलं. "नाय गो बाय. घर कशाला हालतंय. माजंच डोकं हालतं. येरी झाली मी." म्हणताना ती हसलीसुद्धा.

जोडपं खूश झालं, बुकिंग झालं. निघताना ती बायको केतनला हळूच म्हणाली, "पण अशा माणसाला एवढ्या उंचावर ठेवू नका हो. गॅलरी उघडी असते. शेजारी राहायला आम्हालाही भीतीच वाटेल." केतनने मान डोलावली.

सोमवारी गाडी दारात उभी राहिली. सखूबाईचं गाठोडं डिकीत गेलं. प्राची त्याआधीच कॉलेजला निघून गेली होती. सखूबाई म्हणाली, "तू बोललास, इथंच ऱ्हा."

"सगल्यांसमोर तूच बोललीस ना, डोकं हालतं म्हणून? मग कसं ठेवू?"

गाडी आपट्याच्या रस्त्याला लागली. मग सखूबाई हळूच म्हणाली, "पोरा, मी खोटं बोलली रं. तुज्यासाठी."

"मना ठाव हाय," केतन म्हणाला, आणि ड्रायव्हरला पुढचं वळण सांगितलं.