पालथी बादली

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या वसाहतीत शेजारी राहणारे ते गृहस्थ मूळचे रत्नागिरीकडचे. बोलतात माझ्याशी, पण बघतात माझ्या अंगणातल्या आंब्याकडे. "जेवलात का?" हेसुद्धा त्याच्याकडे बघूनच विचारतात. मला याचा रागच यायचा.

दोन वर्षं आंब्याचा मोहोर करप्यानं काळा पडून गळाला होता. यंदा मोहोर फुटला आणि एका संध्याकाळी हिरवळीच्या फवाऱ्यावर कुणीतरी बादली पालथी घातलेली दिसली, वर विटेचं वजन. मी ती काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"तुम्ही ठेवता का हो?"

"मग कोण?" ते आंब्याला म्हणाले. "धुक्यानं भिजतो तेवढा पुरे नाही का? ओल्या मोहोरावर बुरशी धरणारच. बुंध्याला पाणी घाला."

गळलेला मोहोरही ते वेचून, पिशवीत बांधून न्यायचे. हिरवळ पिवळी पडली, बायको कुरकुरली, पण बादली हलवायची माझी हिंमत झाली नाही.

परवा बादली जागेवर नव्हती. फवारा सुरू, झाड निथळतंय. शेजारी धावलो, तर ते नळाखाली बादली घासत होते.

"अहो, मोहोर भिजतोय!"

"मोहोर कुठाय आता? धुकंही सरलं. खलास! भिजू दे त्याला."

मी रोज बादलीच बघत होतो. आता कुंपणावरून वर पाहिलं. सुपारीएवढ्या कैऱ्या, घोसच्या घोस!

मान वळवली, तर ते चक्क माझ्याकडे बघत होते.

"जेवलात का?"