नकाशावरचे बाबा
बाबा सरकारी बचाव पथकात बोट चालवतात. नेमणूक धारला, आम्ही देवासला. मी लहान असताना ते पुरावर गेले की आमच्याकडे फक्त त्यांच्या ऑफिसचा नंबर असायचा. आई शेजारच्या काकूंकडून फोन लावायची. पलीकडून एकच उत्तर, "टीम बाहर है, बाई." बाहेर म्हणजे कुठे, किती दिवस, धड आहेत की नाही, काही नाही. एकदा आठवडाभर खबर नव्हती. आई मामाला घेऊन धारला निघाली, तर बस स्टँडवर बाबाच उतरताना दिसले.

पुढे मी बी.सी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि हे मी कुणालाही सांगते. पथकातल्या लोकांच्या घरच्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी केला. बाबांच्या मोबाइलचं लोकेशन आम्हाला कायम दिसेल असं लावून दिलं. नकाशावर त्यांचा गोल फोटो सरकताना पाहून आई म्हणाली, "आता कुठे जातील पळून!"

गेल्या वर्षी नर्मदेकाठच्या एका गावात पाणी शिरलं. दोन दिवस फोटो नदीकाठीच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तो घाट चढून धारकडे निघाला. ड्युटी संपली, असं मी आईला सांगूनही टाकलं. पण फोटो ऑफिसपाशी थांबलाच नाही. इस्पितळात जाऊन थांबला.

मी नकाशा मोठा केला, लहान केला, मोबाइल बंद करून चालू केला. फोटो तिथेच. फोन लावला तर घंटी जात होती, उचलत कुणी नव्हतं. तेवढ्यात ग्रुपवर दोघींनी विचारलं, "हमारे वाले भी अस्पताल में दिख रहे हैं, क्या हुआ?" सगळेच? बोट उलटली म्हणावं, तर टीव्हीवर काही नाही.

"सांग ना काय झालं. तू तर शिकलेली आहेस," आई म्हणाली.

"मला नाही कळत, आई."

"मग लावलंस कशाला?"

कितव्यांदा तरी फोन उचलला गेला. पथकाच्या गाडीचा ड्रायव्हर होता.

"पापा कहाँ भर्ती हैं?"

"भर्ती? अरे बेटा, वो तो नाव पे हैं! गाँव में लाइट नहीं, ऑफिस में भी नहीं, तो सबके मोबाइल चार्ज कराने लाया हूँ. यहाँ जनरेटर है. चाय पीने क्या गया, सब घरवाले पीछे पड़ गए!"

पाण्यात उतरण्याआधी सगळे मोबाइल एका स्टीलच्या डब्यात ठेवायची त्यांची पद्धत. बाबांनी कधी सांगितली नाही, मी कधी विचारली नाही. मग दोन दिवस आम्ही पाहत होतो ते बाबा होते की डबा, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

आई आधी रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे मी रोज सकाळी डब्याला नमस्कार करत होते?"

बाबा परतल्यावर मी त्यांच्यासोबत धारच्या ऑफिसात गेले आणि साहेबांशी बोलले. काठावरच्या वायरलेसवाल्याला तर ठाऊकच असतं, कोण पाण्यात आणि कोण बाहेर. आता तो संध्याकाळी बाहेर आलेल्या एकेकाचं नाव ऑफिसला कळवतो आणि ऑफिसातून ते व्हॉइस मेसेज करून ग्रुपवर टाकतात. यंदा पथक तीनदा पुरावर गेलं. तिन्ही वेळा बाबा सुखरूप बाहेर आल्याची खबर आईला रोज संध्याकाळी मिळाली.