भावाच्या लग्नाची टाइमलाइन

घटस्फोटानंतर मी वरवंडला माहेरी राहिले नाही. शिरूरला एक खोली भाड्यानं घेतली आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला लागले. फोटोग्राफर पेन ड्राइव्ह पाठवतो, मी फिल्म करून परत देते. दिवसभर लोकांच्या हळदी, लोकांच्या पंगती, लोकांच्या रडणाऱ्या आया बघायच्या आणि दुपारी एकटीनं भाकरी खायची, हा माझा संसार. बोलायला कुणी नाही, म्हणून स्क्रीनवरच्या नवरीलाच झापते, "अगं बाई, हस की जरा!"

गेल्या उन्हाळ्यात सख्ख्या भावाचंच लग्न माझ्याकडं एडिटला आलं. पेन ड्राइव्ह लावायच्या आत आईचा फोन.

"तू दिसतीस तिथं जरा कमी कर गं. सूनबाईच्या माहेरची मान्सं बघणार हायत. इचारत बसत्यात."

"काय विचारतात?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत होतं. थोरली परत का आली, हेच. एवढा संताप आला की फोन पलंगावर भिरकावला. पण काम ते काम.

टाइमलाइनवर अख्खं लग्न आडवं पसरलेलं असतं. वर चित्रांचे ट्रॅक, खाली आवाजाचे. लक्षात ठेवायच्या जागी रंगीत खूण करायची, तिला मार्कर म्हणतात. एरवी लाल मार्कर मी रुसून गेलेल्या मामांना लावते. घरात बिनसलं की फिल्ममधून मामा गायब! या वेळी मी स्वतःला लावत गेले. अक्षता वाटताना मी, लाल. पंगतीत वाढताना मी, लाल. एका ठिकाणी नुसता माझा पदर होता, त्यालाही लाल. मग वरच्या ट्रॅकवर दुसरा शॉट ठेवला की खालचा झाकला जातो. कुठं फुलं ठेवली, कुठं बँडवाले. मी गेले तरी फिल्म एका सेकंदानंही कमी झाली नाही. त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं.

शेवटी दार अडवायचा प्रसंग आला. आमच्याकडं नवरा-नवरी घरी आले की नवऱ्याची बहीण उंबऱ्यात आडवी उभी राहते. "तुझी लेक माझ्या लेकाला देशील का?" म्हणून विचारते, भाऊ हो म्हणाला की मग वाट सोडते. मला ना नवरा, ना मूल. म्हणून चुलतबहिणीला उभं केलेलं. मी तेव्हा मागं चहा गाळत होते.

इथला कॅमेऱ्याचा आवाज आम्ही बहुतेक काढूनच टाकतो. पण हेडफोन कानात होता, आणि भावाचा आवाज आला, "ताई कुठाय? दार ताईच अडवणार."

"उशीर व्हतोय, चल आत," कुणीतरी म्हणालं.

"न्हाई. आधी ताईला बोलवा."

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं! इतकी हमसून रडले की शेजारीण दार वाजवून गेली. तिथं मी हिरवा मार्कर लावला. आईला काय म्हणायचं ते म्हणू दे, एवढं राहणार. तसंही त्यात मी कुठं दिसत होते? बोलणं जसंच्या तसं ठेवलं आणि फिल्म भावाला पाठवली.

तो कुरकुंभला कंपनीत आहे. शिफ्ट सुटली की बघतो म्हणाला. दोन दिवस मी फोन खाली ठेवला नाही. ते ऐकून त्याला आठवेल, तो माझ्याशी काहीतरी बोलेल, एवढीच आस होती.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"ताई, लय भारी झालंय गं! समद्यांना आवडलं." मग जरा घुटमळला. "फकस्त ते दाराचं हाय ना, तिथलं बोलणं काढ आन् गाणं टाक. हिच्या घरचे परत इचारतील, ताई का न्हवती म्हणून."

"टाकते," म्हटलं. "कुठलं टाकू?"

"तुला आवडंल ते टाक."