चाई नव्हती ती

एकोणीस वर्षं झाली, कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवते. दर महिन्याला लेकरांचं वजन, उंची, दंडाचा घेर मोजायचा आणि लिहायचा. दोनशे ग्रॅम वजन घटलं तरी मी त्या घरी जाऊन आईला विचारते. माझ्या धाकट्या मुलीचं वजन कधीच घटलं नाही.

ती नऊ वर्षांची असताना, संक्रांतीच्या सुमारास, तिच्या उजव्या कानामागे रुपयाएवढा चट्टा दिसला. तिथे केस नव्हते. मार्चपर्यंत तसे तीन झाले. सासूबाई म्हणाल्या, चाई लागली. अकरा दिवस कांद्याचा रस चोळला. चाईची जागा गुळगुळीत असते. इथे आखूड, तुटके खुंट बोटाला लागत होते. मला वाटलं, रसाचा गुण येतोय.

शेवटी नवरा म्हणाला, "एकदा टक्कलच करून टाकू. दाट येतील." एप्रिलमधल्या एका रविवारी न्हाव्याला अंगणात बोलावलं. मुलगी मला घट्ट धरून बसली.

"आई, नको नं. मी न्हाई करत आता. खरंच न्हाई करत."

"काहून रडतीस?" न्हावी म्हणाला. "दिवाळीपर्यंत वेणी येईल बघ. न्हाई आली तर माझे केस घे."

त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. आम्ही सगळे हसलो. ती काय करणार नाही म्हणते, हे कोणीच विचारलं नाही. मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

गल्लीतली पोरं 'टकली' म्हणत, म्हणून सुट्टीत मी तिला अंगणवाडीत सोबत नेत असे. मे महिन्यात एका सकाळी मी वजनं लिहीत होते. मदतनीस जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, वही ठेवा जरा. पोरगी पापण्या उपटून राहिली."

ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. चिमटीत एक केस धरायची, ओढायची, बघायची आणि पुढचा शोधायची. डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला एकही केस उरला नव्हता. सकाळी तिचं तोंड मीच धुतलं होतं.

हिंगोलीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. पहिला चट्टा दिसल्याची तारीख मला सांगता आली. त्याआधी घरात काय बदललं? मी म्हणाले, काही नाही.

मुलगी खाली बघत म्हणाली, "ताई गेली."

मोठी मुलगी दिवाळीनंतर नर्सिंगला नांदेडच्या हॉस्टेलवर गेली होती. दोघी एकाच अंथरुणात झोपायच्या. ती गेली तेव्हा आम्ही पेढे वाटले. धाकटी गप्प गप्प राहू लागली, तेव्हा मी शेजारणीला सांगितलं होतं, आता शहाणी झाली.

डॉक्टर म्हणाल्या, रागावू नका, हात धरू नका, पुन्हा टक्कल करू नका. वेळ लागेल. पापणीचे केस परत येतील का, ते त्यांनी नक्की सांगितलं नाही.

बाहेर पडताच मुलीने विचारलं, "आई, न्हाव्याला परत बोलावशील?"

"न्हाई."

बसस्टँडवर तिने पुन्हा तेच विचारलं. बस सुटल्यावर पुन्हा. मी तिची शपथ घेतली. गावच्या फाट्यावर तिचे वडील मोटरसायकल घेऊन उभे होते. उतरल्या उतरल्या तिने स्कार्फ कपाळावर ओढला आणि माझ्यादेखत त्यांना विचारलं,

"बाबा, आई खरं सांगती का?"