आत्याच्या दाराचं लॅच

आत्या गेली आणि मी तिच्या मृत्युपत्राची एक्झिक्युटर, म्हणजे त्यात लिहिलेलं पार पाडणारी, झाले. तिनं मला विचारूनच तसं लिहून ठेवलं होतं. साडीला फॉल लावून देशील का म्हटल्यावर द्यावा तितक्या सहज मी होकार दिला होता. द्वारका चौकाजवळचा तिचा फ्लॅट तिच्याच शाळेत कामाला असलेल्या सुरगाण्याच्या मावशींना द्यायचा होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या दोघी एकत्र राहत. वकील म्हणाले, आधी घर ताब्यात घ्या, ते दुसऱ्याच्या हातात गेलं की कोर्टात म्हाताऱ्या व्हाल.

आणि घर दुसऱ्याच्या हातात चाललंच होतं. आत्याला मूलबाळ नाही, म्हणून निफाडचा माझा चुलतभाऊ क्रियेला बसला होता. दहा दिवस दिवा विझू द्यायचा नाही, घराला कुलूप घालायचं नाही, हे आमच्यात सगळेच पाळतात. दिव्यापाशी घरचं माणूस हवं म्हणत त्यानं आधी गादी आणली, मग बॅग, मग चक्क कूलर. आत्याच्या पर्समधली किल्ली त्याच्या खिशात, आणि मावशी स्वयंपाकघरात झोपायला. मी मृत्युपत्र दाखवलं तर म्हणाला, तेराव्यानंतर बघू. माझं डोकंच फिरलं. पण दिवा तेवत असताना घर बंद करायचं धाडस मलाही नव्हतं.

पोळ्या लाटता लाटता एकदम सुचलं. दहाव्याला क्रियेला बसलेल्याला रामकुंडावर जावंच लागतं! घरात मावशी असणार, दिवा असणार, आणि हा पठ्ठ्या नदीवर. भर सुतकात मला हसू आवरेना.

दहाव्याला त्याची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी किल्लीवाल्याला बोलावलं. त्यानं जुनं लॅच काढलं. उघड्या दारातून वारा आला, दिवा फडफडला. मावशींनी दोन्ही हातांचा आडोसा धरला आणि नवं लॅच बसेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

भाऊ नातेवाइकांना घेऊन परतला. जुनी किल्ली घातली, फिरवली, पुन्हा फिरवली. मावशींनी दार थोडंसं उघडलं.

"पाय धुवून या दादा. आत दिवा हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. जिन्यात सगळे सोयरे उभे होते, भांडणार तरी कसा? त्यानं मुकाट्यानं पाय धुतले. जेवणं झाल्यावर गादी, बॅग आणि कूलर गाडीत गेले.

नवी किल्ली मी मावशींच्या हातावर ठेवली. त्या संकोचल्या. बाजारातून आल्यावर त्या बेल वाजवायच्या आणि आत्या उठून दार उघडायची. या घराची किल्ली त्यांच्याकडे कधी नव्हतीच.

मग त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. मी आत कान देऊन उभी, लहान पोरीसारखी अधीर. किल्ली लागली, फिरली. मावशी आत आल्या आणि माझ्याकडे न बघता सरळ दिव्यापाशी गेल्या.

"बाई, बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझं मीच उघडलं."